कबरीच्या पाटीवर मराठीत एक नाव, हिब्रूत दुसरंच. शिवाय सालही जुळत नाही. कोणी सांगेल का?

साखळीवाला

नमस्कार मंडळी.

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला भूकरमापक. चौतीस वर्षं लोकांच्या बांधांवर उभा राहिलो आणि मोजणी कशीही निघो, दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. आता रेवदंड्याच्या अलीकडे घर, चार नारळ आणि गुडघेदुखी. गेल्या दोन थंड्यांपासून एक उद्योग मागे लावून घेतलाय, त्यात अडलोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्या भागात बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, कब्रस्तानं आहेत. नवगावला जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या, तिथून हा समाज वाढला अशी त्यांची कथा. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल जुंपायचे नाहीत, म्हणून 'शनिवार तेली'. आडनावं सगळी गावांवरून, नवगावकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर. १९४८ नंतर बहुतेक घरं हळूहळू इस्रायलला गेली. अलिबागच्या इस्रायल आळीचं नाव राहिलं, सिनेगॉग (त्यांचं प्रार्थनास्थळ) आहे, माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

दोन वर्षांपूर्वी नाक्यावर एक बाई हातात कागद घेऊन विचारत होती. वय चाळिशीचं, इस्रायलहून आलेली, मराठी तोडकंमोडकं पण गोड, आजीकडून शिकलेलं. कागदावर तिच्या पणजीचं नाव आणि '-कर' वालं आडनाव, बाकी काही नाही. तीन तास आम्ही घाणेरीच्या जाळीतून फिरलो. सापडलं नाही. तिला मांडव्याची लाँच गाठायची होती, गेली. रात्री झोप येईना. या तालुक्यात कोणाच्या दीड गुंठ्याचंही टिपण (मोजणीचा कच्चा नकाशा) मी काढून दिलंय, आणि या अर्ध्या एकराचं टिपण कोणाकडेच नाही!

मग सिनेगॉगच्या मंडळींना विचारून रीतसर सुरुवात केली. टेप लावून ओळी पाडल्या (मोजणीची शंकू साखळी आता फक्त माझ्या नावात उरलीय), प्रत्येक कबरीला ओळ आणि क्रमांक दिला. खडूने लिहिलेली पाटी शेजारी ठेवून एक फोटो, पाटी काढून दुसरा, अक्षरांचा जवळून तिसरा. आजवर १४३ कबरी झाल्या. त्यातल्या ६१वर वाचता येईल असं काहीतरी आहे. बाकीचे नुसते अनघड दगड.

आता अडचण. ओळ ४, क्रमांक ७. काळ्या दगडाच्या चौथऱ्यात बसवलेली संगमरवरी पाटी. वर चार ओळी हिब्रू, खाली पाच मराठी. मराठी अक्षरांत शिसं भरलेलं होतं, ते बहुतेक गळून गेलंय. उरलीत ती शिसं धरून ठेवायला पाडलेली बारीक भोकं. त्या भोकांवर बोट फिरवत दोन सकाळी अक्षरं जुळवली. बाईचं नाव, पुढे 'कोम', पुढे नवऱ्याचं नाव, गाव, आणि 'ता. १७ आक्टोबर सन १९१८'. 'कोम' वाचायला मला कोणी लागलं नाही. जुन्या दप्तरात रोज दिसायचं. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. नावं इथे देत नाही, कोणाचं तरी घर आहे ते.

हिब्रूसाठी भाच्याने तक्ता छापून दिलाय. बावीस अक्षरं, प्रत्येकाला आकडा. सालाची अक्षरं ताव, रेश, आयिन, तेत. ४००, २००, ७० आणि ९, म्हणजे ६७९. तक्त्याखाली लिहिलंय, पाच हजार मिळवा आणि ३७६० वजा करा. उत्तर १९१९. मराठीत स्वच्छ १९१८. तारखेच्या जागी योद आणि काफ, १० आणि २०, म्हणजे तीस? मराठीत सतरा. आणि बाईच्या नावापुढे काफ-ताव अशी दोन अक्षरं, त्यापुढे पुरुषाचं नाव, पण मराठीतल्या नवऱ्याचं नव्हे, निराळंच.

म्हटलं, पाथरवटाला हिब्रू कुठून येणार, चुकला असेल. वहीत हिब्रूचं नाव आणि साल मराठीप्रमाणे दुरुस्त करणार होतो. पेन्सिल उचलली आणि थांबलो. नोकरीत एका साहेबांनी शिकवलं होतं, टिपणात जे दिसतं ते लिही, जे असायला हवं ते नाही.

दुसरं, झिजलेले दगड. एकावर रांगोळी चोळून हाताने पुसली, अक्षरं झकास उठली. पण चोळताना करकर आवाज आला, तेव्हापासून मनात खुटखुट आहे. गावातला एकजण तारेचा ब्रश घ्या म्हणतो. काय करावं? आणि हे सगळं शेवटी ठेवायचं कुठे? माझ्या वहीत राहिलं तर माझ्याबरोबरच जाणार.

जुगाडू

काका, संगमरवर आहे ना? बाथरूमचं ॲसिड पाणी घालून मारा, पाच मिनिटांत पांढराशुभ्र. आणि हिब्रूचा फोटो मोबाईलच्या भाषांतराच्या ॲपमध्ये टाका, दोन सेकंदांचं काम. उगाच भोकं मोजत बसलात.

चुनखडी

जुगाडू, कृपा करून दुसऱ्या कोणाला हा सल्ला देऊ नका. संगमरवर ॲसिडमध्ये विरघळतो. ॲसिड टाकल्यावर जो फेस येतो ना, तो मळ नसतो, ती पाटीच असते.

साखळीवाला काका, मी जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करते. तुमची खुटखुट बरोबर होती. रांगोळी म्हणजे दगडाचीच भुकटी. झिजलेल्या संगमरवरावर ती चोळणं म्हणजे पॉलिश पेपर मारणं. खडूही नको, पीठही नको (ते दगडाच्या छिद्रांत बसतं, मग बुरशी), दाढीचा फेस तर अजिबात नको. परदेशात लोक वर्षानुवर्षं तो फासत आले आणि आता तिकडचेच जाणकार कानीकपाळी ओरडताहेत. झालं ते झालं. त्या दगडावर साधं पाणी सोडा आणि मऊ ब्रशने, खालून वर, हलक्या हाताने धुऊन काढा. खालून अशासाठी, की वरून सुरू केलंत तर मळ खालच्या कोरड्या भागावर ओघळून डाग पडतात. पाटी हलत असेल, चिरलेली असेल किंवा हाताला पिठासारखं लागत असेल, तर पाणीसुद्धा नको.

दगडावर राखाडी-हिरवट चट्टे असतील ते खरवडू नका. ते दगडफूल आहे, गोड्या मसाल्यात घालतो त्याचे भाऊबंद. ते दगडात रुतलेलं असतं, ओढलंत तर दगडाचा पापुद्रा घेऊन येतं.

अक्षरं वाचायला दगड साफ लागत नाही, उजेड तिरका लागतो. दुपारी बाराला समोरून फोटो काढलात तर कोरलेलं अक्षर सपाट दिसतं. तोच उजेड बाजूने, दगडाच्या अंगाला जवळजवळ घासून गेला, की प्रत्येक खाचेत सावली पडते. उत्तरेकडे तोंड असलेल्या पाटीवर थंडीत ऊन येतच नाही. तिथे आरसा वापरा, मोठा, अंगभर दिसतो तसला. कोणालातरी उन्हात आठ-दहा पावलांवर, पाटीच्या एका बाजूला उभं करा आणि कवडसा पाटीवर आडवा सोडायला सांगा. आरसा इंचभर हलवला तरी नवीन अक्षर दिसायला लागतं. एकाच पाटीचे उजवीकडून, डावीकडून आणि वरून उजेड टाकून तीन फोटो घ्या. कॅमेरा हलू देऊ नका.

घाणेरीत शिरताना गमबूट घालता ना? फुरसं आपल्याला विचारून बसत नाही.

मलिद्याचे_पोहे

साखळीवाला भाऊ, शालोम आणि नमस्कार. मी मूळची ठाण्याची, आता इस्रायलमध्ये अश्दोदला. माझं मराठी लिहिणं हल्ली नातवंडांना चेष्टेचा विषय आहे, चुका पोटात घाला. तुमचा प्रश्न मी चष्मा पुसून दोनदा वाचला.

तुमचा पाथरवट चुकलेला नाही. तुम्ही एकच अक्षर दोन ठिकाणी चुकीचं वाचलंय. ते काफ नव्हे, बेत असणार.

योदच्या पुढे काफ येऊन संख्या होतच नाही, मोठा आकडा आधी लिहितात. योद आणि बेत म्हणजे १० आणि २, बारा. आणि बाईच्या नावापुढचं काफ-ताव हे बेत-ताव, 'बत', म्हणजे मुलगी. पुढे जो पुरुष आहे तो तिचा बाप! खाली मराठीत 'कोम' लावून नवरा, वर हिब्रूत 'बत' लावून बाप. आमच्यात प्रार्थनेत माणसाचं नाव बापाच्या नावाने घेतात, म्हणून वर तसं. मराठी पाटी गावासाठी, गावात तिला नवऱ्याच्या नावाने ओळखणार. दोन्ही ओळी खऱ्या आहेत. तुम्ही हिब्रू 'दुरुस्त' केलं असतंत, तर त्या बाईचं माहेर पुसलं गेलं असतं, भाऊ.

बेत आणि काफ ओळखायचं कसं? उजव्या खालच्या कोपऱ्यात बघा. बेतची खालची रेघ उभ्या रेघेच्या बाहेर उजवीकडे थोडी डोकावते, टाच असते तिला. काफ तिथे गोल वळतो. झिजलेल्या दगडात सगळ्यात आधी ती टाचच जाते. असेच फसवतात दालेत आणि रेश, तसेच 'हे', 'हेत' आणि 'ताव' ही अक्षरं. या जोड्या दिसल्या की वहीत दोन्ही लिहून ठेवत जा.

आता साल. तक्ता अर्धवट आहे. आमचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात तिश्री महिन्यापासून बदलतं. मृत्यू जानेवारीपासून तिश्रीच्या आधीपर्यंतचा असेल तर ३७६० वजा, तिश्रीपासून डिसेंबरअखेरपर्यंतचा असेल तर ३७६१. ऑक्टोबर आहे, तेव्हा ५६७९ वजा ३७६१, बरोबर १९१८. महिन्याच्या जागी हेश्वान, म्हणजे तिश्रीनंतरचा महिना, असेल. (पाच हजार बहुतेक दगडांवर लिहीतच नाहीत, ते मनात धरायचे.)

तारखेचं मी इकडच्या पंचांगात पाहिलं. १७ ऑक्टोबर १९१८ हा गुरुवार, दिवसा ११ हेश्वान. दगडावर १२ आहे. आमचा दिवस सूर्य मावळला की बदलतो. म्हणजे बाई गेली ती गुरुवारी दिवेलागणीनंतर. घरच्यांनी हिब्रू तारीख नीट मोजून लावली, इंग्रजी तारीख कॅलेंडरची लिहिली.

आणि ऑक्टोबर १९१८ म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. आमची आजी वर्ष सांगायची नाही, 'तापाच्या साली' म्हणायची. त्या ओळीतल्या बाकीच्या तारखा बघा.

अजून एक. जुन्या पाट्यांवर नावं मराठी वळणाची मिळतील, तीही चुकीची समजू नका. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली ज्यांनी बांधलं ते सॅम्युअल इझिकेल दिवेकर आमच्या लोकांत सामाजी हसाजी. मशीद स्टेशनचं नाव त्याच सिनेगॉगवरून पडलं असं सांगतात, कारण आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणायचो. आणि आडनावाचा घोळ तर विचारू नका. इकडे येताना कित्येकांनी '-कर' गाळून बापाचं किंवा आजोबांचं नाव आडनावाच्या रकान्यात टाकलं. म्हणून पाटीवर गाव असेल तर ते जरूर उतरवा. इकडच्या पोरांना तेवढाच धागा असतो.

शनिवारी जात नसालच. बाहेर पडताना हात धुवा, आमच्यात रीत आहे. आणि कबरीवर बारके खडे दिसले तर ते कचरा नव्हेत. कोणी येऊन गेलं त्याची खूण असते. हलवू नका.

कॅम्पातला

मी पुण्यात लष्कर भागातल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत हेच करतो, त्यामुळे फक्त ठेवायचं कुठे यावर लिहितो.

फाइंड अ ग्रेव्ह ही कबरींच्या नोंदींची वेबसाइट १९९५ पासूनची, लोक सगळ्यात आधी तिथेच शोधतात. बिलियनग्रेव्ह्ज फोनवरून फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही घेतं, तुमच्यातल्या मोजणीदाराला आवडेल. पण तुमच्या कामाची खरी जागा ज्यूइशजेन या ज्यू वंशावळींच्या वेबसाइटवरची जगभरच्या ज्यू दफनांची सूची. तिथे हिब्रू नाव, बापाचं नाव यांना वेगळे रकाने असतात. बाकी ठिकाणी 'नाव' आणि 'आडनाव' असे दोनच खण, त्यात 'बिन' आणि 'कोम' कोंबायचे कसे? इंग्रजी आमदानीतल्या गोऱ्या लोकांचे दगड सापडले तर त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या फिबिस आणि बाक्सा या संस्था आहेत. आमच्याकडे दगड फुटला तरी चर्चच्या दफननोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मिळतात, मुंबई इलाख्याच्या एन-३ या मालिकेत. तुमच्या बायाबापड्यांची ती सोय नाही. बहुतेकींच्या बाबतीत ती पाटी हाच एक कागद.

काका, एक खोड मात्र मोडा. पाटीवरचा मजकूर टाइप करताना ओळ जिथे तुटते तिथेच तोडा, 'आक्टोबर' असेल तर 'आक्टोबर'च ठेवा. न लागलेलं अक्षर चौकोनी कंसात. तुमचा अर्थ वेगळ्या रकान्यात. मी पहिल्या वर्षी सगळी स्पेलिंगं सुधारली होती, दुसऱ्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सगळे दगड.

अलीकडच्या कबरी ऑनलाइन टाकण्याआधी घरच्यांना विचारा. माझ्यावर एकदा एक गृहस्थ चांगलेच उखडले होते. त्यांचंच बरोबर होतं.

साखळीवाला

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, कारण आधी जाऊन बघायचं ठरवलं होतं.

रविवारी दुपारी चारला भाच्याला घेऊन गेलो. अंगभर आरसा घरात एकच, बायकोच्या कपाटाच्या दाराचा. स्क्रू काढून, गोधडीत गुंडाळून रिक्षातून नेला. भाचा सुरूच्या झाडापलीकडे उन्हात उभा राहिला. पहिली दहा मिनिटं कवडसा माझ्याच तोंडावर. मग एकदा तो पाटीवरून आडवा सरकला, आणि मी दोन सकाळी बोटांनी चाचपत होतो ती सगळी पाटी उठून उभी राहिली. चुनखडीताई, चौतीस वर्षं उन्हात काम केलं, पण ऊन असं वापरायचं असतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

टाच आहे! दोन्ही ठिकाणी. तारखेत जरा कमी, 'बत' मध्ये अगदी स्पष्ट, तांदळाच्या कणीएवढी. महिना हेश्वानच. मलिद्याचे पोहेताई, तुम्ही अश्दोदला बसून वाचलंत ते मला दगडावर नाक टेकून दिसलं नव्हतं. वहीत आता तीन रकाने आखलेत, हिब्रू, मराठी, माझा अर्थ. तिसऱ्यात खोडाखोड चालेल, पहिल्या दोनांत नाही.

त्या ओळीत ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८च्या अजून दोन पाट्या निघाल्या. सातव्या क्रमांकाच्या लगत हातभर लांबीची एक कबर आहे, पाटी नाही, नुसता जांभ्याचा चिरा. तिला मी ७-अ दिलंय. यापलीकडे काही लिहिलं नाही, कारण दगडावर काही नाही.

खड्यांचं वाचून मात्र पोटात गोळा आला. फोटो स्वच्छ यावा म्हणून तीन-चार कबरींवरचे खडे मी बाजूला सारले होते, कचरा समजून. सुदैवाने सारण्याआधीचे फोटो आहेत, ही नोकरीची सवय. ते बघून खडे जिथल्या तिथे ठेवले. दोन सापडले नाहीत. जिथे होते ती जागा वहीत लिहून ठेवलीय. निघताना नळावर हात धुतले. भाच्याने का म्हणून विचारलं, सांगितलं.

रांगोळीचा दगड धुतला. पाणी पांढरं निघालं. रांगोळी किती आणि पाटी किती, देव जाणे.

इस्रायलच्या त्या बाईचा कागद मी फोटो काढून ठेवला होता, तो काढून ताडून पाहिला. सातव्या क्रमांकाची बाई तिची पणजी नव्हे. नाव वेगळं, गावही वेगळं. पण तिच्या कागदावर फक्त '-कर' आडनाव आहे, म्हणजे सासरचं. पणजीच्या बापाचं नाव तिला विचारलंच नव्हतं. काल निरोप पाठवलाय. तिच्या आईला माहीत असेल म्हणते, विचारून कळवते.

आणि कपाटाला दार नुसतंच लटकतंय. आरसा पुन्हा बसवल्याशिवाय जेवायला बसायचं नाही असा हुकूम निघालाय. कॅम्पातल्या, पुण्यात हलका ॲक्रिलिकचा आरसा कुठे मिळतो ते कळवशील का? दोन बाय तीन फूट पुरेल.